जंजिरा कोणाचा?

जंजिऱ्याचें नांव निघालें कीं आमच्याकडील विद्यार्थ्यांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो: हा किल्ला मराठ्यांना कां घेतां आला नाहीं? ज्या कोथरुडांत श्रीशिवछत्रपतींचा पुतळा ही पत्ता सांगावयाची खूण आहे, तेथील मुलांना महाराजांच्या हातीं न लागलेल्या एका बेटाची रुखरुख वाटावी ह्यांत नवल तें काय? उत्तरहि ठराविक आहे. खोल समुद्र, उंच तट, तोफांचा मारा आणि सिद्दीचें आरमार, एवढें सांगितलें म्हणजे गुरुजींची सुटका होते. परंतु ह्या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे व तो क्वचितच विचारला जातो. जें बेट जिंकावयाचें होतें, तें मुळांत कोणाचें?

हा प्रश्न केवळ इतिहासाच्या तासापुरता नाहीं. तैवान बेटाविषयींचा वाद वर्तमानपत्रांतून वारंवार येतो. वक्तृत्वाच्या स्पर्धेंत तो विषय आला म्हणजे आमचे वक्ते एकतर चीनची बाजू घेऊन किंवा तैवानची बाजू घेऊन मोठ्या आवेशानें बोलतात, व टाळ्या दोघांनाहि सारख्याच पडतात. आम्हांस असें वाटतें कीं, हा विषय समजून घेण्यासाठीं आधीं चिनी समुद्रापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. कोथरुडांतून पश्चिमेस निघालेला पौड रस्ता मुळशीवरून जाऊन ताम्हिणीचा घाट उतरतो व माणगांवास पोंचतो. तेथून म्हसळें व श्रीवर्धन ह्यांची वाट धरली कीं आपण एका जुन्या राज्याच्या हद्दींत शिरतों. त्या मुलखास लोक हबसाण म्हणत. हबसाणची राजधानी समुद्रांत होती, आणि तिच्या धन्याविषयींचा वाद सुमारें साडेचारशें वर्षें चालला.

येथेंच एक खुलासा करणें बरें. ज्या कर्वे रस्त्यानें आपण रोज जातों येतों त्यास ज्यांचें नांव आहे, ते महर्षि अण्णासाहेब कर्वे मुरुडचे. म्हणून तें हेंच मुरुड अशी पुष्कळांची समजूत असते. अण्णासाहेबांचें मुरुड रत्नागिरी जिल्ह्यांत दापोलीजवळ आहे. आपण बोलत आहों तें मुरुड रायगड जिल्ह्यांतील. दोहोंच्या मध्यें बराच किनारा आहे.

'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा' म्हणजे बेट ह्या शब्दावरून आला. तेव्हां आपण जंजिरा बेट म्हणतों तें 'बेट बेट' असें म्हणण्यासारखेंच आहे. पण भाषेला असल्या द्विरुक्तीचें वावडें नसतें. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशीं हा खडक आहे. आज तेथें दगडी तट दिसतो, परंतु पहिली तटबंदी लांकडाची होती. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत चांचांपासून बचाव व्हावा म्हणून किनाऱ्यावरील कोळ्यांनीं ओंडके रोवून एक मेढेकोट उभारला, व त्यांचा नायक राम पाटील हा तेथें राहूं लागला. पुढें अहमदनगरच्या निजामशाहीच्या वतीनें पिरमखान नांवाचा सरदार आला. त्यानें व्यापारी असल्याची बतावणी करून आसरा मागितला, दारूचीं पिंपें भेट म्हणून आंत नेलीं आणि कोळी झिंगले असतां कोट घेतला, अशी परंपरागत कथा आहे. कथेंतील पिंपें खरीं असोत वा नसोत, एवढें खरें कीं बेटाचे पहिले रहिवासी कोळी होते व त्यांच्या हातून तें राजसत्तेनें घेतलें. ही गोष्ट आम्ही येथें सांगून ठेवतों, कारण पुढील सर्व वादांत ह्या पहिल्या मालकांस कोणीच विचारल्याचें दिसत नाहीं.

सिद्दी हे मूळचे आफ्रिकेंतील. कोणी गुलाम म्हणून विकले जाऊन आले, कोणी शिपाईगिरी व खलाशीपणा करीत आले. दक्षिणेंतील शाह्यांत ह्या हबशांनीं आपल्या कर्तबगारीनें मोठमोठीं पदें मिळविलीं. गुलामगिरींतून वर येऊन निजामशाहीचा सर्वाधिकारी झालेला मलिक अंबर हा त्यांतील सर्वांत मोठा. जंजिऱ्याची किल्लेदारी व आरमार हबशी सरदारांच्या हातीं आलें तें ह्याच काळांत. निजामशाही १६३६ मध्यें बुडाली तेव्हां हा किनारा विजापूरकडे गेला, व जंजिऱ्याचा सिद्दी आदिलशहाचा सरदार झाला. पुढें १६७० च्या सुमारास तो औरंगजेबाचा नोकर झाला, 'याकूतखान' हा किताब त्यास मिळाला आणि सुरतेच्या उत्पन्नांतून त्याच्या आरमारास नेमणूक मिळूं लागली. मोंगल बादशाहीचा हा दर्यावर्दी हस्तक किती समर्थ होता, हें मुंबईच्या इंग्रजांस १६८९ व १६९० ह्या सालीं चांगलेंच कळलें. सिद्दी याकूतखानानें मुंबई बेटावर उतरून त्यांस किल्ल्यांत कोंडून धरलें, आणि कंपनीस बादशहापुढें नाक घासून क्षमा मागावी लागली.

धनी तीन झाले. बेट मात्र एकाच जमातीच्या हातीं राहिलें. मग जंजिरा निजामशहाचा होता काय? आदिलशहाचा? का औरंगजेबाचा? कागदोपत्रीं तिघांचाहि. परंतु ह्यांतील एकहि सुलतान जंजिऱ्यास आपल्या मर्जीचा किल्लेदार नेमून पाठवीत होता आणि सिद्दी तो मुकाट्यानें मान्य करीत होते, असें समजणें चुकीचें होईल. सिद्द्यांची जुनी रीत अशी कीं, एक नायक मेला म्हणजे त्याचा मुलगाच गादीवर बसे असें नाहीं. आरमारांतील त्याच्या खालोखालचा मानकरी पुढें येई. बादशहाचा शिक्का मागाहून. वंशपरंपरेपेक्षां समुद्रावरील कर्तृत्व पाहणारी ही चाल त्या काळच्या राजेरजवाड्यांहून निराळीच होती, व बेट इतकीं वर्षें टिकलें ह्याचें एक कारण तींतच आहे असें आमचें मत आहे.

आतां दोन प्रसंग सांगतों. आमच्या मतें जंजिऱ्याच्या इतिहासाचें मर्म ह्या दोन प्रसंगांत आहे. तटाच्या उंचींत किंवा कलाल बांगडी तोफेच्या लांबींत नाहीं.

पहिला प्रसंग १६७० च्या सुमाराचा. शिवाजीमहाराजांनीं जंजिऱ्याचा सारा भोंवतालचा मुलूख घेऊन बेटाची कोंडी केली होती. किल्लेदार फत्तेखान टेंकीस आला आणि बेट महाराजांच्या स्वाधीन करण्यास तयार झाला. वस्तुतः किल्ल्याच्या कायदेशीर धन्यानेंच तो द्यावयाचें कबूल केल्यावर प्रश्न मिटावयास पाहिजे होता. पण किल्ल्यांतील संबळ, कासीम व खैर्यत ह्या तीन सिद्दी सरदारांस ही गोष्ट मान्य नव्हती. त्यांनीं फत्तेखानास कैद केलें, कारभार आपल्या हातीं घेतला व औरंगजेबाचा आश्रय केला. फत्तेखानाचा होकार हवेंत विरला. महाराजांनीं त्यानंतरहि प्रयत्न सोडला नाहीं. मुरुडच्या समोर कांसा बेटावर त्यांनीं पद्मदुर्ग बांधविला. १६७६ मध्यें मोरोपंत पिंगळ्यांची मोहीम झाली, आणि तटास शिड्या लावण्याचें साहस पत्करणाऱ्या लाय पाटील ह्या कोळ्याची कथा त्याच वेळची. १६८२ मध्यें संभाजीमहाराजांनीं तर समुद्रांत दगड टाकून बेटापर्यंत सेतु बांधण्यास आरंभ केला. ह्यांपैकीं कोणताहि उपाय सिद्धीस गेला नाहीं.

दुसरा प्रसंग १७९१ चा. आणि तो पुण्यांतला म्हणून आम्हांस अधिक जवळचा. गादीवरून तंटा लागून सिद्दी अब्दुल करीमखान ऊर्फ बाळूमियां हा हक्कदार पेशव्यांकडे आला होता. नाना फडणविसांचा तो काळ. बाळूमियांनें जंजिऱ्यावरील आपला सर्व हक्क पेशव्यांस लिहून दिला व त्याबद्दल सुरतेजवळ सचीनची जहागीर त्यास मिळाली. करार रीतसर झाला, इंग्रज त्यांत मध्यस्थ होते. सचीनचें संस्थान त्यावरच उभें राहिलें व १९४८ पर्यंत चाललें. म्हणजे किंमत चुकती झाली. पण विकत घेतलेला माल? जंजिऱ्यांत सिद्दी जौहर बसला होता. त्यानें बेट देण्याचें साफ नाकारलें. शनवारवाड्याच्या दप्तरांत जंजिरा पेशव्यांचा झाला आणि राजपुरीच्या खाडींत तो होता तसाच राहिला. ज्या पुण्यानें दिल्लीच्या तख्ताचे व्यवहार पाहिले, त्याला आपल्याच किनाऱ्यावरील एका खडकाचा ताबा स्वतःच्याच खरेदीखतावर मिळूं नये, ही गोष्ट आमच्या पुस्तकांत एवढी थोडक्यांत कां आटोपतात, हें आम्हांस कळत नाहीं.

दोनदां बेट कागदावर हस्तांतरित झालें व दोनदां कागद निरुपयोगी ठरला. ह्यावरून कोणी असें म्हणेल कीं, ज्याच्या हातीं ससा तो पारधी, एवढाच ह्याचा अर्थ. आम्हांस हें मान्य नाहीं. नुसता ताबा हाच हक्क मानावयाचा तर राम पाटलाचा कोट घेणारा पिरमखानहि ताबा मिळतांच हक्कदार झाला, व मग दरोड्याला आणि राज्याला एकच कायदा लागू होईल. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जे लोक एखाद्या जागेंत राहतात, तिच्यासाठीं मरतात व जन्मतात, त्यांना वगळून त्या जागेचा सौदा कोणी केला तर तो सौदा अपुरा असतो. फत्तेखानानें शिबंदीस विचारलें नाहीं. बाळूमियांचा तर बेटावर पायहि नव्हता.

परंतु येथेंच खरी अडचण उभी राहते. विचारावयाचें तें कोणाला?

शिबंदीला विचारलें तर उत्तर एक येईल. पण जंजिऱ्याचें राज्य म्हणजे केवळ तो खडक नव्हे. मुरुड, म्हसळें व श्रीवर्धन ह्या बाजूचा किनारा, त्यांतील कोळी, आगरी, कुणबी, ब्राह्मण, कोंकणी मुसलमान, बेने इस्राएल अशी सर्व रयत त्या राज्यांत होती. १९०१ च्या खानेसुमारींत संस्थानची वस्ती सुमारें ८५ हजार भरली. त्यांत सिद्दी मूठभर. ह्या रयतेची भाषा मराठी, बाजार मराठी, पंढरीची वाट मराठी. पेशव्यांचें घराणें ह्याच रयतेपैकीं होतें हें पुष्कळांच्या लक्षांत नसतें. बाळाजी विश्वनाथ भट ह्यांच्या घराण्याकडे श्रीवर्धनची देशमुखी होती आणि तो महाल सिद्दीच्या अंमलाखालीं होता. सिद्दीशीं बिनसलें म्हणून बाळाजीपंत घाटावर आले व १७१३ मध्यें पेशवे झाले. त्यांच्या पुत्रांनीं पुढें सिद्दीशीं युद्ध केलें तें ह्या अर्थानें आपल्याच जुन्या सरकाराशीं केलेलें युद्ध होय.

तें युद्ध कां झालें हेंहि सांगितलें पाहिजे, नाहींतर आम्ही सिद्दीचे वकील झालों आहों असा वाचकांचा समज व्हावयाचा. सिद्दीचा अंमल रयतेस सुखाचा होता असें नाहीं. किनाऱ्यावर त्यांच्या धाडी पडत, माणसें धरून नेलीं जात. १७२७ मध्यें सिद्दी सातानें चिपळूणजवळील परशुरामाच्या देवस्थानाचा विध्वंस केला, तो ब्रह्मेंद्रस्वामींच्या जिव्हारीं लागला आणि त्यांनीं शाहूमहाराजांस व बाजीरावांस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. १७३३ मध्यें मोहीम निघाली, औरंगजेबाच्या काळापासून सिद्दीकडे असलेला रायगड मराठ्यांनीं परत घेतला. १७३६ मध्यें चिमाजीअप्पांनीं रेवसजवळच्या लढाईंत सिद्दी सातास ठार केलें. तथापि ह्या युद्धांतहि चित्र आपण समजतों तितकें सरळ नव्हतें. सिद्द्यांमध्येंच दोन तट पडले होते व त्यांपैकीं अब्दुल रहमान हा मराठ्यांच्या बाजूस होता. कोळी तर दोन्हीं आरमारांत होते. शेवटीं झालें काय, तर कित्येक महालांचा वसूल दोघांत वांटून घेण्याचें ठरलें. एकाच शेतकऱ्याच्या दारांत दोन सरकारांचे कारकून उभे राहूं लागले. त्या शेतकऱ्यास 'तुझें राष्ट्र कोणतें?' असें विचारलें असतें तर त्यानें काय सांगितलें असतें? बहुधा, दोघांपैकीं एक जण तरी कमी करा, असेंच!

सिद्दीला 'परका' म्हणण्याची आपल्याकडे जी सहज प्रवृत्ति आहे, तिचाहि येथें विचार करूं. परका म्हणजे कोण? ज्याचा पूर्वज बाहेरून आला तो परका असें म्हटलें तर सिद्दी परके खरेच. परंतु मग तीनचारशें वर्षें राहूनहि माणूस आपला होत नसेल तर तो केव्हां व्हावयाचा? आमच्या मतें सिद्दीच्या जुलुमाचा निषेध करणें वेगळें व त्याच्या वर्णाचा किंवा उगमाचा निषेध करणें वेगळें. पहिलें न्यायाचें आहे. दुसरें केलें म्हणजे आज कर्नाटकाच्या कारवार भागांत जंगलाच्या आसऱ्यानें राहणाऱ्या आणि सौराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या गुजराती बोलणाऱ्या गरीब सिद्द्यांनाहि आपण नकळत परके ठरवितों. भारत सरकारनें गुजराथेंतील सिद्द्यांना पूर्वीं व कर्नाटकांतील सिद्द्यांना २००३ मध्यें अनुसूचित जमातींत घातलें आहे. सरकार ज्यांना भूमिजनांच्या यादींत घालतें त्यांना शाळेच्या वर्गांत परके म्हणणें शोभत नाहीं.

इंग्रजांच्या अमदानींत जंजिऱ्याची स्थिति आणखी चमत्कारिक झाली. नबाब ब्रिटिश सरकारास खंडणी देत नसे. सन १८६८ पर्यंत तर तेथें पोलिटिकल एजंटहि नव्हता व संस्थानच्या अंतर्गत कारभारांत कोणाचा हात नव्हता. पुढें न्यायखात्यांतील गोंधळ असह्य झाला म्हणून एजंट आला. खंडणी नाहीं म्हणून स्वतंत्र म्हणावें, तर एजंट बसलेला. मांडलिक म्हणावें, तर खंडणी नाहीं. आजच्या भाषेंत ज्याला 'स्वयंशासित पण अमान्य' म्हणतात, तसा कांहींसा हा प्रकार होता.

अखेरचा अंक १९४८ चा. त्या सालच्या आरंभीं संस्थानी प्रजेची चळवळ हबसाणांत पेटली. महाड भागांतील नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया इत्यादि कार्यकर्ते तींत पुढें होते. पुढें पुण्याचे खासदार म्हणून व वनराईच्या कामामुळें आम्हां पुणेकरांस परिचित झालेले मोहन धारिया ते हेच. नबाब सिद्दी महंमदखान ह्यांच्या अमलाचा शेवट झाला, मार्च १९४८ मध्यें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें व कुलाबा जिल्ह्यांत गेलें. त्या जिल्ह्यास १९८१ पासून रायगड म्हणतात. दर्याच्या पलीकडे सौराष्ट्रांत जाफराबाद हा जंजिऱ्याचाच महाल होता. तो आज गुजराथेंत आहे. ह्या वेळीं मात्र कागद आणि ताबा जुळले. कां जुळले? कारण ह्या वेळीं किल्ल्यांतील शिबंदीऐवजीं किनाऱ्यावरील रयत बोलत होती. तिनें मतपेटींतून सांगितलें नाहीं, रस्त्यावर येऊन सांगितलें, हें खरें. मतपेटी असती तर अधिक बरें झालें असतें असें आम्हांस वाटतें. निकाल वेगळा लागला असता म्हणून नव्हे, तर मागाहून कोणास बोलावयास जागा राहिली नसती म्हणून.

गोव्याचें उदाहरण ह्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. १६ जानेवारी १९६७ रोजीं गोमंतकीयांचा कौल घेण्यांत आला. महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळें राहावें, असा प्रश्न होता. वेगळें राहण्याच्या बाजूस १,७२,१९१ मतें पडलीं, विलीनीकरणाच्या बाजूस १,३८,१७०. महाराष्ट्रांतील पुष्कळांना हा निकाल रुचला नाहीं. गोव्यांतील मराठीप्रेमी मंडळींस तर तो फारच झोंबला. पण ३४,०२१ मतांचा फरक समोर असल्यावर वाद रस्त्यावरून घरांत आला. १९८७ मध्यें गोवा घटकराज्य झाला तेव्हां त्याविरुद्ध कोणी शस्त्र उचललें नाहीं.

मत घेतलें म्हणजे सर्व सुटतें असेंहि नाहीं. मोजणी कोणत्या कुंपणाच्या आंत करावयाची ह्यावर सारें अवलंबून असतें. सिद्द्यांचे पूर्वज ज्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आले त्याच समुद्रांत कोमोरो बेटें आहेत. १९७४ मध्यें तेथें स्वातंत्र्यासाठीं मतदान झालें. सगळीं बेटें मिळून मोजलीं तर स्वातंत्र्यास प्रचंड बहुमत. पण मायोत हें एक बेट वेगळें मोजलें तर तेथें बहुमत फ्रान्सच्या बाजूचें. फ्रान्सनें बेटवार मोजलें, मायोत ठेवून घेतलें व २०११ मध्यें त्यास आपला एक जिल्हा केलें. कोमोरोचें सरकार तें बेट अद्याप आपलेंच म्हणतें. जंजिऱ्याचा किल्ला वेगळा मोजावयाचा कीं हबसाणासह मोजावयाचा, हाच तो प्रश्न.

ह्या तयारीनें तैवानकडे वळूं. जुन्या नकाशांत त्यास फॉर्मोसा म्हणत. तेथेंहि कोळ्यांसारखे मूळ रहिवासी होते व अजून आहेत; त्यांच्या भाषा चिनी नव्हेत. १६२४ मध्यें डच आले. १६६२ मध्यें, म्हणजे शिवकालांतच, झेंग चेंगकुंग ह्या चिनी दर्यावर्दी सरदारानें डचांस हांकलून दिलें. १६८३ मध्यें चीनच्या बादशहानें बेट घेतलें, १८९५ मध्यें जपानला लिहून दिलें. त्या वेळीं बेटावरील लोकांस कोणी विचारलें नाहीं. १९४५ मध्यें तें चीनच्या तत्कालीन राष्ट्रवादी सरकारच्या ताब्यांत आलें. १९४९ मध्यें यादवी युद्धांत हरलेलें तेंच सरकार फौजफाट्यासह बेटावर येऊन राहिलें. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या तहांत जपाननें बेटावरील हक्क सोडला. कोणासाठीं सोडला तें मात्र त्यांत लिहिलेंच नाहीं! १९७१ मध्यें संयुक्त राष्ट्रसंघांतील चीनची जागा पेकिंगच्या सरकारास मिळाली. आपल्या देशानें १९४९ च्या डिसेंबरअखेरच पेकिंगला मान्यता दिली होती. तैपे येथें आपली कचेरी १९९५ मध्यें उघडली, पण ती वकिलात नव्हे. तैवानला राष्ट्र म्हणून मान्यता देणारीं राज्यें आज बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत.

कागद पाहिले तर हा इतिहास जंजिऱ्याच्या इतिहासापेक्षांहि गुंतागुंतीचा. प्रारंभींचीं चाळीस वर्षें तेथील स्थितीहि जंजिऱ्यासारखीच होती: बाहेरून आलेली शिबंदी किल्ल्यांत, व रयत किनाऱ्यावर. १९४७ मध्यें स्थानिक लोकांच्या उठावाची भयंकर कत्तल झाली; १९४९ पासून १९८७ पर्यंत लष्करी कायदा होता. त्या काळांत 'तैवानचें मत' असें कोणी म्हटलें असतें तर आम्हीं विचारलें असतें, कोणाचें मत? शिबंदीचें कीं रयतेचें? परंतु १९९६ पासून बेटाचा अध्यक्ष थेट मतदानानें निवडला जातो, आणि सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे अनेकदां शांतपणें गेली आहे. सुमारें २ कोटी ३० लाख लोकांच्या त्या समाजांत शिबंदीचा नातू व रयतेचा नातू एकाच पेटींत मत टाकतात. जंजिऱ्यास शेवटपर्यंत जें साधलें नाहीं तें तेथें साधलें आहे. म्हणून आमचें मत असें कीं, त्या बेटाचें पुढें काय व्हावें हें त्या पेटीनेंच ठरवावें. चीनशीं एक होण्याचें तिनें ठरविलें तर तसें व्हावें. आहे तसेंच राहण्याचें ठरविलें तर तसें. आरमारानें तें ठरवूं नये.

ह्यावर एक आक्षेप येतो व तो क्षुल्लक नाहीं. उद्यां अंदमान, लक्षद्वीप ह्यांविषयीं कोणी हाच न्याय लावूं म्हटलें तर? आमचें उत्तर असें. अंदमान व लक्षद्वीप येथील नागरिक ह्याच देशाच्या लोकसभेसाठीं मत देतात, त्यांचा प्रतिनिधि दिल्लींत बसतो. त्यांच्यावर ज्याचें राज्य आहे त्या राज्यांत त्यांचा वांटा आहे. पेकिंगच्या सरकारचा एकहि कर, एकहि कायदा, एकहि शिपाई १९४९ पासून आजपर्यंत तैवानांत लागू झालेला नाहीं, आणि पेकिंगच्या सरकारला निवडण्याचा किंवा काढण्याचा अधिकार तैवानी माणसास कधींहि मिळालेला नाहीं. हीं दोन उदाहरणें एका तराजूंत घालतां येत नाहींत. चीनच्या बाजूनें असेंहि म्हणतां येईल कीं, बहुसंख्य तैवानी लोकांची भाषा व वंश चिनीच आहे. खरें आहे, पण गोव्यांतील मराठी वाचणाऱ्या पुष्कळ घरांनींहि १९६७ मध्यें वेगळें राहण्याचा कौल दिला असलाच पाहिजे, नाहींतर तो निकाल लागताच ना.

आमच्या शाळांच्या सहली जंजिऱ्यास जातात. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या निघतात. दरवाजा अगदीं जवळ जाईपर्यंत दिसत नाहीं, ही मौज प्रत्येक नावाडी सांगतो. आंत गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत, मोडके वाडे आहेत, तटावर तोफा आहेत. किल्ला आतां भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. येत्या सहलीला जाणाऱ्या मुलांनीं तोफांचीं मापें लिहून आणण्याऐवजीं त्या नावाड्यांना दोन प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे: तुमचे आजे-पणजे कोणाच्या आरमारांत होते, आणि १९४८ सालाविषयीं घरांत काय सांगतात. त्यांतील कित्येक कोळी आहेत. मेढेकोट त्यांच्याच पूर्वजांनीं रोवला होता.